फरशीखालच्या हीटिंगला हीट पंपाचं पाणी किती अंशांवर ठेवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात प्रतापनगरला राहतो. तीसेक वर्षं कोल्ड स्टोरेजचे कॉम्प्रेसर सांभाळले. संत्री, मिरच्या, बटाटे थंड ठेवणं हाच धंदा. लेक आणि जावई जर्मनीत श्टुटगार्टजवळ असतात. त्यांनी घेतलेल्या घरात हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारं यंत्र आहे आणि फरशीखाली पाण्याच्या नळ्या टाकलेल्या आहेत. पहिल्या हिवाळ्यानंतर विजेचं बिल बघून जावयांचा फोन आला: "बाबा, तुमच्या कॉम्प्रेसरसारखंच दिसतंय हे, जरा बघता का?" व्हिडिओ कॉलवर महिनाभर आम्ही ते यंत्र जुळवत बसलो. मग आमच्या गल्लीतल्या, ओळखीतल्या लोकांची मुलंही विचारू लागली. कुणी जर्मनीत, कुणी हॉलंडला, कुणी आयर्लंडला. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकली.

सप्लायचं पाणी म्हणजे नेमकं कोणतं?

हीट पंपातून तापून निघालेलं आणि फरशीकडे जाणारं. फरशीत फिरून, उष्णता देऊन जे परत येतं ते रिटर्नचं. फरशीच्या हीटिंगमध्ये या दोघांत साधारण ५ अंशांचा फरक असतो. ३३ वर गेलं तर २८ वर परत येतं. हे नळाचं किंवा आंघोळीचं पाणी नव्हे. ते नळ्यांमध्ये बंद असतं, तेच तेच फिरत राहतं.

मग एक आकडा सांगा ना. किती ठेवू?

बरं बांधलेलं, नवं घर असेल तर कडाक्याच्या थंडीत ३० ते ३५ अंश, आणि एरवी त्याहून कमी. पण "एक आकडा" हीच यातली मोठी फसगत आहे. बाहेर १० अंश असताना लागणारं पाणी आणि बाहेर उणे १० असताना लागणारं पाणी सारखं कसं असेल? कूलरचा पंखा मे महिन्यात आणि ऑक्टोबरात तुम्ही एकाच स्पीडवर ठेवता का? त्यामुळे यंत्राला आकडा द्यायचा नसतो, एक रेष द्यायची असते. ती पुढे येईल.

इतकं कोमट पाणी? अंगावर घेतलं तरी गार लागेल.

लागू दे. फरशी केवढी मोठी आहे ते बघा. रेडिएटर म्हणजे भिंतीवरची एक पट्टी, तिला ५०-६० अंश लागतात. फरशी म्हणजे अख्खं घर.

हिशेब करून दाखवतो. समजा घरात नळ्या टाकलेली फरशी १२० चौरस मीटर आहे आणि बाहेर उणे १२ असताना घरातून ६ किलोवॅट उष्णता बाहेर जाते. म्हणजे दर चौरस मीटरला ५० वॅट. फरशी खोलीपेक्षा जेमतेम ५ अंशांनी गरम असली तरी तेवढी उष्णता देते. खोली २१ वर असेल तर फरशीचा पृष्ठभाग २६ च्या आसपास, बस्स. फरशीवर टाइल असेल तर एवढ्यासाठी जाणारं पाणी ३३-३४ अंशांचं पुरतं. आणि हे वर्षातल्या सगळ्यात थंड दिवसांचं बोलतोय. नागपुरात डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंश उतरलं तेव्हा आपण शेकोट्या पेटवल्या होत्या, तिकडे ३.५ असताना याच घराला २८ अंशांचं पाणी पुरून उरतं.

पाणी ३५ ऐवजी ४५ वर ठेवलं तर असं काय बिघडतं?

खिसा बिघडतो. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या थंड हवेतून उपसून आत आणतो. विहिरीतून पाणी काढण्यासारखंच आहे. मजल्यावरची टाकी जेवढी उंच, तेवढी मोटारीला मेहनत. इथे उंची म्हणजे बाहेरची हवा आणि तुमचं सप्लायचं पाणी यांच्यातला फरक.

बाहेर शून्य अंश आणि पाणी ३५ असेल, तर निसर्गनियमाने मिळू शकणारी कमाल कार्यक्षमता ३०८ (पाण्याचं केल्विनमधलं तापमान, ३५ अधिक २७३) भागिले ३५ (पाणी आणि बाहेरची हवा यांतला फरक), म्हणजे ८.८. पाणी ४५ केलं की ३१८ भागिले ४५, म्हणजे ७.१. प्रत्यक्षातल्या यंत्राला याच्या निम्म्याहून थोडं कमी मिळतं. ढोबळमानाने एका युनिटाच्या विजेत पहिल्या ठिकाणी ४ युनिट उष्णता, दुसऱ्या ठिकाणी ३.२. हिवाळाभर घराला १२,००० युनिट उष्णता लागत असेल तर वीज ३,००० युनिट किंवा ३,७५० युनिट. युनिटला ३० सेंट धरले तर फरक २२५ युरोंचा. आणि हे दरवर्षी, नुसतं एक बटण चुकीच्या जागी असल्यामुळे. लक्षात ठेवायला सोपं असं: पाणी एक अंश उतरवलं की वीज दोन-अडीच टक्क्यांनी उतरते.

आमच्या यंत्रावर लिहिलंय की ते ७० अंशांपर्यंत जातं. मग ३३ वर चालवणं म्हणजे क्षमता वाया घालवणं नाही का?

गाडीच्या मीटरवर २०० लिहिलेलं असतं, म्हणून वर्धा रोडवर तुम्ही २०० ने जात नाही. बऱ्याच नव्या यंत्रांमध्ये आर-२९० म्हणजे प्रोपेन वायू असतो, त्यामुळे ती इतकं वर जाऊ शकतात. जुन्या घरातल्या रेडिएटरसाठी ती सोय आहे. फरशीला तर ते घातकच. नळ्या ज्यात पुरलेल्या असतात त्या सिमेंटच्या थरात ५५ अंशांच्या वरचं पाणी जाऊ नये असं युरोपातलं मानक सांगतं. फरशीच्या पृष्ठभागालाही मर्यादा आहे: बसण्या-उठण्याच्या जागी २९ अंश, बाथरूमला ३३, खिडकीलगतच्या पट्ट्यात ३५. त्याच्या वर तळपायांना त्रास होतो.

बसवणाऱ्याने ४५ वर ठेवून दिलंय. तो तज्ज्ञ आहे, त्याला कळत नसेल का?

कळतं. पण त्याला परत यायचं नसतं. घर गार पडलं तर तुम्ही रात्री अकराला फोन कराल. बिल जास्त आलं तर करणार नाही, कारण जास्त म्हणजे किती हे तुम्हाला माहीतच नसतं. माझ्या लेकीच्या घरी हेच झालं होतं. मी त्या माणसाला फार दोष देत नाही, कोल्ड स्टोरेज सुरू करून देताना आम्हीसुद्धा सेटिंग जरा हात राखूनच ठेवायचो. फरक इतकाच की आम्ही महिन्याभराने परत जाऊन ते नीट करायचो.

ही रेष म्हणजे काय, आणि ती जुळवायची कशी?

हीटिंग कर्व्ह म्हणतात तिला. घराच्या बाहेर, बहुधा उत्तरेच्या भिंतीवर, एक सेन्सर असतो. बाहेर किती अंश आहेत ते पाहून यंत्र पाण्याचं तापमान स्वतः ठरवतं. वर सांगितलेल्या घराची रेष अशी: बाहेर १५ असताना पाणी २४, बाहेर ७ असताना २७, शून्याला साडेएकोणतीस, उणे १२ ला ३४. बाहेर १ अंश उतरला की पाणी ०.३७ ने चढतं. हा झाला उतार. आणि सगळीच रेष एक-दोन अंश वर किंवा खाली सरकवता येते, ती झाली पातळी. एवढी दोनच बटणं आहेत. बाकी मेनूत दिसणाऱ्या शंभर गोष्टींना हात लावू नका.

आता जुळवणं. आधी सगळ्या खोल्यांचे थर्मोस्टॅट पूर्ण वर करून टाका, म्हणजे प्रत्येक खोलीतलं पाणी बिनअडथळा वाहील. लोकांना हे पटत नाही, पण हे केल्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ. ढगाळ, वारा नसलेले दिवस निवडा. खिडकीतून ऊन येत असताना किंवा घरात दहा पाहुणे आणि ओव्हनमध्ये केक असताना घेतलेलं माप खोटं. मग पातळी एक अंशाने खाली आणा आणि दोन दिवस काहीही करू नका. दोन दिवस म्हणजे दोन दिवस. ६.५ सेंटिमीटर जाडीचा सिमेंटचा थर १०० चौरस मीटरला सुमारे १३ टन भरतो. तेवढा गोटा एका अंशाने तापवायलाच साडेतीन युनिटच्या वर उष्णता लागते. तुम्ही सकाळी बटण फिरवणार आणि दुपारी "काही फरक नाही" म्हणून परत फिरवणार, तर आयुष्यभर फिरवतच बसाल. जावयांनी पहिल्या आठवड्यात नेमकं हेच केलं. शेवटी मी त्यांना वही करायला लावली: तारीख, बाहेर किती, पाणी किती, प्रत्येक खोली किती. रोज सकाळी सात आणि रात्री नऊ. आमच्या प्लँटमध्ये लॉगबुक असायचं, तसंच.

असं एकेक अंश उतरवत जा. एक दिवस घरातली सगळ्यात गार खोली म्हणेल, आता पुरे. तिथे थांबा. तेच तुमचं पाणी.

पुढे ऋतू बदलला की रेषेचा उतार कळतो. बाहेर ८-१० असताना सगळं ठीक, पण उणे झालं की घर गार पडतं? उतार थोडा वाढवा. कडाक्यात ठीक, पण मार्चमध्ये घरात उकडतं? उतार किंचित वाढवून पातळी खाली आणा. कायमच गार? फक्त पातळी वर. एका वेळी एकच बटण, तेही चिमूटभर. एक पूर्ण हिवाळा लागतो याला. बासुंदी आटवायची तर गॅस मोठा करून भागत नाही, तसंच आहे हे.

पॅनेल सगळं जर्मनमध्ये आहे.

कामाचे शब्द मोजके आहेत. फोरलाउफ म्हणजे जाणारं पाणी, र्‍युकलाउफ म्हणजे परतीचं. हाइत्सकुर्वे म्हणजे रेष, नायगुंग म्हणजे उतार, निव्हो म्हणजे पातळी. वार्मवासर म्हणजे आंघोळीचं पाणी. आणि हाइत्सश्टाब हा शब्द दिसला की कान टवकारा.

का? हाइत्सश्टाब काय असतं?

आपली इमर्शन रॉड. यंत्राच्या पोटात बसवलेली, ६ ते ९ किलोवॅटची. हीट पंपाला झेपलं नाही की ती चालू होते, आणि एका युनिटाला एकच युनिट उष्णता देते. मेनूत तिचे चाललेले तास दिसतात. हिवाळ्यात दोन-चार तास चालली तर काही नाही. शंभर-दोनशे तास दिसले तर कुठेतरी चूक आहे. लेकीच्या घरी बाहेर ५ अंशांच्या खाली गेलं की रॉड लागायची, कारण सेटिंगच तसं ठेवलं होतं. ते उणे १० वर नेलं. त्या एका बदलाने जितकं बिल उतरलं तितकं माझ्या बाकीच्या शहाणपणाने उतरलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

प्रत्येक खोलीत थर्मोस्टॅट आहे. तो कशाला दिलाय मग, उघडाच ठेवायचा असेल तर?

चांगला प्रश्न. थर्मोस्टॅट एकामागून एक बंद होत गेले की पाण्याला फिरायला वाट उरत नाही. दोनच लूप, म्हणजे फरशीतल्या नळीचे वेढे, उघडे; यंत्र मात्र अख्ख्या घराएवढं. पाणी पाच मिनिटांत तापतं, कॉम्प्रेसर बंद. परत थंड होतं, परत चालू. कॉम्प्रेसरला हे चालू-बंद मानवत नाही, माझा सगळा जन्म ते बघण्यात गेलाय. तासाला तीनपेक्षा जास्त वेळा सुरू होत असेल तर बरं लक्षण नाही. थर्मोस्टॅट वरच्या कुंपणासारखा ठेवा: हवं असलेल्या तापमानापेक्षा दोन अंश वर.

शिवाय कोमट फरशी स्वतःच स्वतःला आवरते. फरशी २४ आणि खोली २१ असेल तर ३ अंशांच्या फरकाने चौरस मीटरला ३० वॅट उष्णता येते. दुपारी ऊन आलं, खोली २३ झाली, की फरक १ अंशाचा आणि उष्णता ९ वॅट. कुणी काही बंद केलं नाही, तरी उष्णता एक तृतीयांशावर आली. पाणी फार गरम ठेवलं की हा गुण जातो आणि मग थर्मोस्टॅटची आठवण येते.

एकच खोली गार राहते. तिच्यासाठी सगळ्यांचं पाणी वाढवू?

नको. भिंतीतल्या कपाटात मॅनिफोल्ड, म्हणजे पाणी वाटून देणारा पाइप असतो, तिथून प्रत्येक लूप निघतो. प्रत्येकावर काचेची छोटी नळी असते आणि त्यात मिनिटाला किती लिटर पाणी जातंय ते दिसतं. ६ किलोवॅटला ५ अंशांच्या फरकाने मिनिटाला एकूण १७ लिटर पाणी लागतं. दहा लूप असतील तर सरासरी पावणेदोन लिटर. जी खोली जास्त गरम होते तिचा लूप थोडा आवळा, गार खोलीचा पूर्ण मोकळा ठेवा. लांब लूपला जास्त मोकळीक लागते. शेताला बारे देताना टोकाच्या वाफ्याला पाणी पोचावं म्हणून जवळचं बारं थोडं आवरतात, तेच गणित.

बाथरूमची गोष्ट वेगळी. तिथे फरशी लहान, त्यातली निम्मी टबाखाली, आणि हवे असतात २४ अंश. एका बाथरूमसाठी अख्ख्या घराचं पाणी पाच अंश वर नेऊ नका. भिंतीवर टॉवेलचा इलेक्ट्रिक हीटर लावा आणि सकाळी अर्धा तास चालवा. माझ्या मते हा खर्च वसूल होतो.

फरशीला हात लावला तर गरम लागतच नाही. बंद पडलंय का?

नाही. पायाच्या तळव्याची कातडी बहुतेक वेळा फरशीपेक्षा गरमच असते, म्हणून २४-२५ अंशांची फरशी "ना थंड ना गरम" लागते. फरशी गरम लागली तर उलट समजा की पाणी जास्त आहे. भिंतीवरचा थर्मामीटर काय म्हणतो ते बघा, तळवा नको.

सासूबाई आल्या आणि हॉलभर सतरंजी अंथरली, वर गादी. आता घर गार वाटतंय.

हा प्रश्न इतक्या घरांतून आला की हसू येतं. खाली बसायची आपली सवय, फरशी गार असते हे आपल्या हाडात मुरलेलं, म्हणून पहिलं काम सतरंजी. पण सतरंजी आणि गादी म्हणजे फरशीवर घातलेलं स्वेटर. खालची उष्णता वर येत नाही. फरशीवरच्या आवरणाचा उष्णतारोध ०.१५ पेक्षा जास्त नसावा असा तिकडचा नियम आहे, टाइल ०.०१ च्या आसपास, लाकडी पट्ट्या ०.१ च्या जवळपास, जाड गालिचा मर्यादेवर, आणि कापसाची गादी तर त्याच्या कितीतरी पुढे. त्यांना सांगा, तिकडची फरशी खाली बसण्यासाठीच आहे, एक पातळ चटई पुरे. सांगून ऐकलं नाही तर गादी एका कोपऱ्यात सरकवा आणि विषय सोडा. पाण्याच्या अंशांपेक्षा घरातली शांतता महत्त्वाची.

लाकडी फरशी असेल तर पाणी टाइलपेक्षा दोन-तीन अंश जास्त लागेल आणि पृष्ठभाग साधारण २७ च्या वर नेऊ नये. लाकूड सुकून फटी पडतात.

आई-बाबा हिवाळ्यात येणार आहेत. आम्हाला २१ पुरतात, त्यांना २३ हवेत.

खोलीच्या एका अंशाला पाणी सव्वा ते दीड अंश वाढवावं लागतं. म्हणजे दोन अंशांना पातळी अडीच-तीनने वर. पण विमान उतरायच्या दोन दिवस आधी करा. दारात आल्यावर बटण दाबलं तर ऊब त्यांना तिसऱ्या दिवशी मिळेल. आणि आई-बाबांना लोकरी मोजे घालू द्या, त्यात कमीपणा नाही.

"रात्री काहून चालू ठेवता? झोपल्यावर बंद करा!" असं बाबा सांगतात. बरोबर आहे का?

आपल्याकडे एसी-गिझरच्या बाबतीत बरोबर. इथे नाही. तो १३ टनांचा थर रात्री बंद केला तरी सकाळपर्यंत फारसा गार होत नाही, म्हणजे बचत थोडी. आणि सकाळी तो परत वर आणायला यंत्र पाणी जास्त गरम करतं, तेही बाहेर सगळ्यात थंडी असताना. वाचवलेलं तिथेच जातं. फार तर एक अंशाने कमी करा. मी तर तेही करू नका म्हणेन.

दिवाळीला तीन आठवडे नागपुरात येणार असाल तर मात्र घर १६-१७ अंशांवर सोडा. पूर्ण बंद करू नका, नळ्या गोठायचा धोका नको. आणि परतायच्या दोन दिवस आधी मोबाइलवरून पूर्ववत करा.

बाहेरच्या युनिटमधून धूर निघतोय! व्हिडिओ पाठवलाय.

धूर नाही, वाफ आहे. बाहेर शून्य ते पाच अंश आणि दमट हवा असली की बाहेरच्या कॉइलवर बर्फ साचतो. उणे १० च्या कोरड्या थंडीपेक्षा हीच हवा जास्त त्रास देते. मग यंत्र थोडा वेळ उलटं चालतं: फरशीतल्या पाण्याची उष्णता घेऊन कॉइल गरम करतं, बर्फ वितळतो, पंखा फिरू लागला की वाफेचा लोट उठतो. कोल्ड स्टोरेजमध्ये आम्ही गरम गॅस सोडून कॉइल मोकळं करायचो, त्याचाच भाऊ. या पाच-दहा मिनिटांत सप्लायचं पाणी २० च्या खाली गेलेलं दिसेल. घाबरू नका. फक्त त्या वेळी बरेच लूप उघडे हवेत, नाहीतर उष्णता घ्यायला पुरेसं पाणीच नसतं. थर्मोस्टॅट उघडे ठेवायचं हे आणखी एक कारण.

आंघोळीचं पाणी मग ३३ अंशांचंच मिळणार?

नाही, त्याची टाकी वेगळी असते. यंत्र दिवसातून एक-दोनदा फरशीचा रस्ता बंद करून टाकी तापवतं. तिथे ४५ ते ५० ठेवा. लेजिओनेला नावाचे जंतू २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात वाढतात, म्हणून आठवड्यातून एकदा ६० पर्यंत नेण्याची सोय अनेक यंत्रांत असते. घरात वयस्कर माणसं असतील किंवा टाकी बरेच दिवस वापरात नसेल तर ती बंद करू नका. टाकी तापवण्याची वेळ दुपारची ठेवली तर बाहेरची हवा त्यातल्या त्यात उबदार मिळते.

नवं घर आहे, सिमेंटचा थर आत्ताच टाकलाय. लगेच चालू करू?

अजिबात नको. सिमेंटचा थर किमान २१ दिवस तसाच राहू द्यायचा. जिप्समच्या जातीचा असेल तर किमान ७. मग तीन दिवस २०-२५ अंशांचं पाणी, त्यानंतर चार दिवस ठरवलेल्या कमाल तापमानाचं. या कामाचा कागद ठेकेदाराकडून सही करून घ्या. पुढे फरशीला तडा गेला तर तोच कामी येतो.

आयर्लंड आणि इंग्लंडमध्येही हेच आकडे?

तत्त्व तेच, थंडी सौम्य. लंडनसारख्या ठिकाणी कडाक्याच्या थंडीचा हिशेब उणे २-३ अंशांचा धरतात, जर्मनीत बऱ्याच शहरांत उणे १० ते १४ चा. पण तिकडे खाली फरशी आणि वर रेडिएटर अशी मिसळ पुष्कळ. रेडिएटरला ४५ लागतात, फरशीला ३३, म्हणून मध्ये मिक्सिंग व्हॉल्व्ह, परतीचं पाणी मिसळून फरशीचं पाणी कोमट करणारा. यंत्राला मात्र ४५ चीच मेहनत पडते. वरचे रेडिएटर मोठे केले आणि सगळंच ३८-४० वर आणता आलं तर बघा.

नागपुरात आपल्या घरी अशी फरशी करावी का?

चार-सहा आठवड्यांच्या थंडीसाठी? पैसे जास्त झाले असतील तर करा, बाप्पा.

मग उन्हाळ्यात तिच्यातून थंड पाणी फिरवलं तर?

हा विचार मात्र मजेदार आहे, आणि खोटा नाही. हैदराबादेत इन्फोसिसच्या एका इमारतीत थंड पाण्याच्या नळ्यांनी गारवा दिला जातो. अडचण दवबिंदूची, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतल्या वाफेचं पाणी होऊन बसतं त्याची. मे महिन्यात ४५ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १७ च्या जवळ; २० अंशांचं पाणी फिरवलं तरी फरशी कोरडी. जुलै-ऑगस्टात ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता, तर दवबिंदू २६. त्याच २० अंशांच्या पाण्याने फरशीला घाम फुटेल आणि घरातले घसरून पडतील. म्हणजे जिथे कूलर चालतो तिथेच हे चालतं, आणि कूलर बंद पडतो तिथे हेही बंद. मग दीड-दोन हजारांत वाळ्याचे पडदे लावून कूलर चालवणारा नागपूरकर याच्या नादी का लागेल?

निदान गिझरऐवजी हीट पंप?

ते जमतं. इथली हवाच इतकी उबदार की यंत्राला उपसायला मेहनत कमी लागते. १०० लिटर पाणी २२ वरून ५० वर न्यायला गिझरला सव्वातीन युनिटच्या वर लागतात, हीट पंपाला एकाच्या आसपास. पण दोघांचं घर आणि वर्षातले तीन-चार महिने गरम पाणी, एवढ्यासाठी किंमत निघत नाही. गच्ची स्वतःची असेल तर सोलर लावा. वसतिगृह, दवाखाना, दहा माणसांचं घर असेल तर हीट पंप घ्या आणि तिथेही पाणी ५० वरच ठेवा, ६५ वर नको. मे महिन्यात तर तो बंदच ठेवा. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून जे येतं त्यात थंड पाणी मिसळावं लागतं.